दोन खळगे

पहाटे ५.३०

उठल्यावर आधी मिठाची बरणी बघतो. चहाचं आधण नंतर. बरणीत दोन बोटं घातली आणि मीठ सुटं, करकरीत लागलं तर आज कातड्याला हात लावायचा. बोटांना चिकटलं, तळाशी पाझर दिसला, तर दिवसभर फक्त पंक्चर, ब्रेक आणि चाकांचे आऊट काढायचे. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ पाणी धरायला लागतं, आणि कातडंही त्याच सुमाराला जड होऊ लागतं. दमटपणा मोजायचं यंत्र पुतण्याने आणून भिंतीवर टांगलं आहे. मी तेही बघतो, पण आईच्या चिनी मातीच्या बरणीवर माझा भरवसा जुना आहे.

आज मीठ सुटं आहे. तुळशीचं लग्न होऊन चार दिवस झाले, पाऊस मागे पडला. अंगणात समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की पाठीला कोरडा, गार वारा लागतो. हा मतलई वारा. रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, शिडाच्या होड्या याच्याच जोरावर बाहेर पडायच्या. साडेदहा-अकराला तो पडतो, थोडा वेळ माडाचं पातं हलत नाही, आणि मग समुद्रावरून खारं वारं सुटतं. माझ्या कामाचं वेळापत्रक या दोन वाऱ्यांनी ठरवलेलं आहे. कापायचं, चिकटवायचं, ठोकायचं ते सगळं मतलई असेपर्यंत.

सकाळी ६.१५

दुकान मालवणात भरडाजवळच्या एका गल्लीत. वडिलांच्या वेळी इथे भाड्याच्या सायकलींची रांग असायची, तासाला आठ आणे. आता भाड्याची सायकल मागायला पर्यटक येतात, मे महिन्यात आणि नाताळात. मी पंक्चर काढतो, नव्या सायकली जोडून देतो, आणि गेली अकरा-बारा वर्षं जुन्या चामड्याच्या सीटा दुरुस्त करतो. या शेवटच्या कामावर घर चालत नाही. तरी दिवसातला चांगला वेळ मी त्यालाच देतो.

फळीवर, ओल्या-सुक्या पंचाखाली, शाडूच्या साच्यावर बांधलेली एक सीट आहे. सहा दिवस ती तशीच आहे. आज ती सोडायची.

सीट एका पोस्टमनची. ते वारले त्याला बरीच वर्षं झाली. कोळंबच्या पुलापलीकडे, रेवंडी-सर्जेकोटच्या बाजूला त्यांची बीट होती. टपाल खात्याने १८८० साली मनीऑर्डर सुरू केली, आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांतला पगार महिन्याच्या महिन्याला कोकणात येऊ लागला. चुली त्यावर पेटायच्या, शाळेच्या फिया त्यातून जायच्या. तो पैसा शेवटचे चार मैल अशाच एखाद्या सायकलवरून यायचा. हे पोस्टमन दर घरी उतरायचे नाहीत. गडग्यावर डावा पाय टेकायचा, अंग डावीकडे कलतं ठेवायचं, नोटा मोजून द्यायच्या, सही नाहीतर अंगठा घ्यायचा आणि पुढच्या घराला निघायचं, असं त्यांची मुलगी सांगते. सीटवर ते उमटलेलं आहे. मागच्या बाजूला बसायच्या दोन हाडांचे दोन खळगे आहेत, आणि त्यातला डावा उजव्याहून खोल आहे. डोळ्यांना पटकन दिसत नाही. डोळे मिटून अंगठे फिरवले की कळतं.

सायकल रॅले आणि सीट ब्रुक्सची. रॅले पुढे आपल्याकडेही आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यात होऊ लागली, पण या सीटच्या बाजूवर ‘मेड इन इंग्लंड’ची शेवटची चार-पाच अक्षरं अजून वाचता येतात. ब्रुक्स हे बर्मिंगहॅमचं घराणं. जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी १८६६ साली घोड्याच्या साजाचा धंदा सुरू केला. घोडा मेला, नवा परवडेना, म्हणून ते उसन्या सायकलवर बसले आणि बसायचे इतके हाल झाले की सीट स्वतःच करायला घेतली, असं ती कंपनी सांगत आली आहे. पेटंट १८८२चं आहे. तेव्हापासून या सीटची मूळ कल्पना बदललेली नाही, आणि ती आपल्याला समजायला सोपी आहे, कारण आपण सुंभाच्या बाजेवर झोपलेली माणसं आहोत. पाच-सहा मिलिमीटर जाडीचं एकच कातडं नाक आणि मागची लोखंडी पट्टी यांच्यामध्ये ताणलेलं असतं. खाली गादी नाही, फळी नाही. बाज जशी झोपणाऱ्याच्या अंगाने बसते तशी ही सीट बसणाऱ्याच्या हाडांनी बसते. सुंभ ढिलं पडलं की आपण बाज आवळतो, तसा इथे नाकात एक बोल्ट दिलेला असतो.

ही सीट माझ्याकडे आली तेव्हा तिची झोळी झाली होती. मध्ये हात घातला तर तळवा बुडायचा, दोन्ही बाजूंचे पदर म्हशीच्या कानांसारखे बाहेर फाकलेले. बोटाने दाबलं की बोटाला तेल. वास खवट खोबऱ्याचा. वर्षानुवर्षं कोणीतरी प्रेमाने तिला खोबरेल पाजलं होतं. कातड्याच्या आत बारीक तंतूंचा गुंता असतो. तो एकमेकांत घट्ट अडकलेला असतो म्हणून कातडं वजन पेलतं. गरजेपेक्षा जास्त तेल गेलं की तंतू एकमेकांवरून घसरायला लागतात आणि कातडं लोंबतं. सुकलेली सीट मी दहांतल्या सात वेळा उभी करू शकतो. तेलाने लोंबलेली दहांतल्या तीन वेळा.

आधी तेल काढावं लागलं. आतून-बाहेरून मुलतानी मातीचा दाट लेप, वर टिपकागद, आणि एक रात्र सावलीत. असं तीनदा केलं. पहिला कागद भजी काढून ठेवलेल्या कागदासारखा पारदर्शक झाला होता. तिसरा जवळजवळ कोरडा निघाला, तेव्हा कातडं पाणी प्यायला तयार झालं.

मग साचा. इथे मी तीन दिवस अडलो. साधा, भरीव, नव्या सीटच्या आकाराचा फणसाच्या लाकडाचा साचा माझ्याकडे आहे. ओलं कातडं त्यावर ओढून बांधलं असतं तर सीट नवी दिसली असती, आणि पोस्टमन त्यातून कायमचे गेले असते. झोळी काढायची होती, खळगे ठेवायचे होते. म्हणजे प्रत्येक उतार बघून ठरवायचं होतं की हा माणसाचा आहे की तेलाचा. मी गणपतीच्या शाळेतून उरलेली शाडू मागून आणली, तडे जाऊ नयेत म्हणून तिच्यात काथ्याचे तुकडे मळले, सीटच्या पोटाला पातळ प्लॅस्टिक लावून त्यावर ती दाबली. वाळल्यावर सीटच्या आतल्या अंगाची हुबेहूब प्रतिकृती हातात आली. मग अंगठ्याने चाचपत मधल्या लांब घळीत नवी शाडू भरली. ती घळ तेलाची होती. कडा गुळगुळीत, कुठे दाब नाही, नुसतं लोंबणं. मागचे दोन खळगे वेगळे. तिथे कातडं दाबून दाबून घट्ट झालेलं, पृष्ठभाग गोट्यासारखा घोटलेला. त्यांना हात लावला नाही.

त्या साच्यावर दहा मिनिटं पाण्यात भिजवलेलं कातडं बसवलं, पदर आत वळवून सुती पट्ट्यांनी आवळलं आणि पंचाखाली ठेवलं. सहा दिवस. आज पट्ट्या सोडतो. एकेक वळसा काढताना कातडं उसळी मारतं का ते बघतो. मारत नाही. साच्यावरून उचलून नखाने वाजवतो. टिचकीला टणक आवाज आला.

७.००

शाळेची पोरं, दूधवाला, जेट्टीवर कामाला जाणारे. दोन पंक्चर, एका सायकलच्या पायडलातले छर्रे संपलेले. एका मुलीच्या गियरवाल्या सायकलची वायर खाऱ्या हवेने धरली होती. पुतण्या सगळं बघतो. मी निखारे फुलवतो.

८.००

रिव्हेट ठोकायचे आहेत. मतलई चांगला आहे, अडीच तास हातात आहेत.

मागचे तीन रिव्हेट कातडं फाडून निघाले होते. तिथल्या भोकांचे लांबट डोळे झाले होते. असं भोक तसंच ठेवून मोठ्या टोपीचा रिव्हेट मारला तर वर्षभरात तो पुन्हा उपटतो. म्हणून पट्ट्या सोडल्यावर आतल्या अंगाला एक ठिगळ चिकटवलं. ठिगळाचं कातडं कोल्हापूरचं, सुभाषनगरातून आणलेलं. कोल्हापुरी चपलेचं कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीवर कमावतात, पूर्वापार पद्धतीत तर कातड्याचीच पिशवी शिवून तिच्यात साल आणि हिरड्याचं पाणी भरून ठेवतात. ब्रुक्सच्या सीटचं कातडंही झाडांच्या कषायावरच कमावलेलं असतं. दोन देशांतली कातडी, पण पाणी पिण्याची, सुकण्याची, ताण घेण्याची त्यांची रीत एक, म्हणून ती एकमेकांना धरून राहतात. क्रोमवर कमावलेलं मऊ कातडं इथे चालत नाही. कडा कापून बघितली की ओळखू येतं. क्रोमची कड आतून निळसर राखी दिसते, आपल्या कातड्याची आरपार तपकिरी.

ठिगळ दोन मिलिमीटरचं. त्याच्या कडा रापीने तासत तासत कागदाइतक्या पातळ केल्या आहेत, नाहीतर बसणाऱ्याला ती कड वरून जाणवते. रापी धरायला मला बाजारातल्या एका म्हाताऱ्या चर्मकार काकांनी शिकवलं. कातडं हलवायचं नाही, रापी ओढायची नाही, मनगट फक्त पुढे टेकवत न्यायचं. हे मला जमायला दोन पावसाळे लागले.

तांब्याचे रिव्हेट करवंटीच्या निखाऱ्यावर ठेवले आहेत. फुंकणीने वारा घातला की ते काळपट, मग गडद लाल होतात. तसेच चिमट्याने उचलून पाण्यात टाकायचे. चुर्र आवाज येतो आणि पाण्यातून मऊ झालेलं तांबं निघतं. पोलाद असं विझवलं तर कडक होतं, तांबं असं केलं तरी मऊच राहतं. मऊ असेल तरच टोपी कातड्यावर नीट पसरते. कडक रिव्हेट कडेने चिरतो आणि ती चीर पुढे पँट फाडते.

आरीने भोक मोकळं करतो. रिव्हेट वरून घालतो, खाली लोखंडी पट्टीच्या भोकातून शेपूट बाहेर येतं. वरची टोपी ऐरणीवरच्या खोलगट साच्यात उलटी बसवतो आणि शेपटावर हातोडी. पहिल्या दोन घावांचा आवाज बद्द येतो, कारण कातडं अजून दबतं आहे. तिसऱ्या-चौथ्याला तो बदलतो, खणखणीत होतो. तिथेच थांबायचं. आणखी एक घाव घातला तर टोपीखालचं कातडं कापलं जातं आणि सगळी मेहनत गेली. हे कानांचं काम आहे. पुतण्याला मी सांगून ठेवलं आहे की या वेळात रेडिओ नको.

नाकाकडचे जुने रिव्हेट शाबूत आहेत. त्यांच्याभोवती मात्र हिरवं, मेणचट वलय जमलं होतं. ताक पितळेच्या भांड्यात कळकतं तसंच हे. तेलातली आम्लं तांब्याला लागली की तो हिरवा साबण तयार होतो. लोक घाबरतात, त्यांना वाटतं बुरशी आली. बांबूच्या काडीने खरवडलं की निघतं. धातूच्या पात्याने खरवडू नये.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी तिसरा रिव्हेट बसला. तिन्ही सरळ. मी बाहेर येऊन उभा राहिलो. इतका वेळ श्वास रोखून काम केल्यासारखं छातीला वाटत होतं.

११.००

वारा पडला. समोरच्या माडाची झावळं स्तब्ध. मी सीट सुती पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवली, आणि तेवढ्यात पोस्टमनची मुलगी आली. बाजारातून मासे घेऊन येत होती. वयाने साठीच्या पुढची. मी तिला ताई म्हणतो.

“झाली काय?”

“सांजपर्यंत होतली, ताई. बसा.”

ती बसली नाही. पेटीकडे बघत म्हणाली, “दर अमावास्येक मी सीटीक तेल लावतंय. बाबा गेल्यापासून एकव अमावास्या चुकवूक नाय.”

तिला सगळं सांगायचं मी आठवडाभर टाळत होतो. आज सांगितलं. तेल वाईट नव्हतं, ते फार झालं. या कातड्याला वर्षातून दोनदा, बोटाच्या टोकावर मावेल एवढंच लागतं. ती गप्प राहिली. मग म्हणाली, “माका वाटला, उपाशी ठेवू नये.”

यावर मला काही बोलता आलं नाही. मी आजवर खराब झालेल्या जितक्या सीटा बघितल्या त्यातल्या निम्म्या अशाच होत्या. सायकल पडवीत उभी, वापर नाही, पण घरातलं कोणीतरी दर सणाला तिला पुसतं, तेल लावतं, उन्हं देतं. ज्या सायकलकडे कोणी बघत नाही ती भंगारात जाते. माझ्यापर्यंत पोचतात त्या जपलेल्याच असतात. मला त्या माणसांना एवढंच पोचवायचं आहे की जपायचं असेल तर कोरडं फडकं, सावली आणि अधूनमधून बसणं.

“झील म्हणता, काळी चकचकीत करून घे. मुंबयसून इलो की फोटो काढतलो.”

मी पिशवीतून सीट काढली. काळा रंग लावता येतो, पण तो खळग्यांवरची झळाळी बुजवून टाकतो. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. तिचा हात धरून आधी उजव्या खळग्यावर ठेवला, मग डाव्या. तिने स्वतःच पुन्हा एकदा दोन्हीकडे बोटं फिरवली.

“ह्यो डावो खोल आसा.”

“होय. पाय टेकून उभे ऱ्हवत ना ते.”

ती बराच वेळ तिथेच हात ठेवून उभी होती. पिशवीतल्या माशांचं पाणी लादीवर ठिपकत होतं. जाताना म्हणाली, “काळो रंग नको. झिलाक मी सांगतंय.”

दुपारी १२.३०

घरी बांगड्याचं तिखलं आणि भात. जेवून पडवीत बसलं की समोरचा जांभ्या दगडाचा गडगा उन्हात तापलेला दिसतो, आणि माझी एक सीट आठवते.

हे काम सुरू केलं त्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका शिक्षकांच्या वडिलांची सीट होती, साठ-सत्तर वर्षांची. मी ती भिजवली, छान आकारात आणली, आणि पाऊस तोंडावर होता म्हणून घाईने याच गडग्यावर उन्हात ठेवली. तासाभराने गेलो तर नाक वर वळलेलं आणि सगळं कातडं पापडासारखं आकसलेलं. काळं, ठिसूळ. दाबलं तर कड मोडली. तेव्हा मला माहीत नव्हतं की ओलं कातडं ठरावीक उष्णतेला पोचलं की त्याचे तंतू आखडतात आणि पुन्हा कधीच उलगडत नाहीत. झाडाच्या सालीवर कमावलेल्या चांगल्या कातड्यात हे साधारण ७० ते ८५ अंशांदरम्यान होतं. जुन्या, थकलेल्या कातड्याला त्याहून बरीच कमी उष्णता पुरते, आणि मे महिन्यातला तापलेला जांभा तेवढी सहज देतो. सुकलेल्या कातड्याला ऊन थोडं सोसतं, ओल्याला नाही. मी त्या शिक्षकांच्या घरी जाऊन सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चहा दिला. ती सीट अजून माझ्याकडे आहे, मागच्या खिळ्याला. नवीन सीट भिजवायला घेण्याआधी मी तिच्याकडे बघतो.

२.३०

खारं वारं जोरात आहे. अशा वेळी साफसफाईचं काम काढतो.

पुण्याहून एका संग्राहकाने एसटीच्या पार्सलने एक सीट पाठवली आहे. पुण्यात सायकली जपणारी मंडळी बरीच आहेत. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी तर जुन्या सायकलींचं संग्रहालयच उभं केलं आहे, आणि तिथे रांगेने लावलेल्या सीटा मी एकदा दोन तास बघत बसलो होतो. ही सीट मात्र कुठल्यातरी माळ्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून राहिलेली. प्लॅस्टिक काढलं आणि पांढरी, लव असलेली बुरशी दिसली. ती आत झटकायची नाही, नाहीतर दुकानातली प्रत्येक सीट उद्या पांढरी होईल. मागच्या अंगणात, तोंडाला फडकं बांधून, मऊ ब्रशने. मग सर्जिकल स्पिरिटने ओलसर केलेल्या बोळ्याने पुसून घेतलं.

कपड्याचा साबण, धुण्याचा सोडा यांना मी दुकानात जागा देत नाही. असं कातडं मुळात आम्लधर्मी असतं. सोडा लागला की ते काळवंडतं आणि तडकतं. सौम्य ग्लिसरीनच्या साबणाचा फेस, तोही फडक्यावर.

या सीटवर स्प्रिंगच्या गंजामुळे दोन गडद काळे डाग आहेत. संग्राहकाने फोनवर विचारलं, शाई सांडली होती का. एका अर्थी सांडलीच. हिरड्यातला कषाय आणि लोखंड पाण्यात एकत्र आले की काळाभोर रंग होतो. हिरडा आणि हिराकस घेऊन रंगारी हाच काळा रंग करायचे, शाईही त्याची व्हायची. इथे हिरड्याच्या जातीचा कषाय कातड्यात होता, लोखंड गंजातून आलं आणि पाणी पुण्याच्या पावसाने दिलं. लिंबाच्या रसाचा बोळा हलक्या हाताने टेकवला तर डाग फिका होतो, पण पूर्ण जात नाही. त्यापलीकडे मी जात नाही. जास्त आम्ल म्हणजे कातडंच खाल्लं जाणार.

सांगाडा रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. उद्या तारेच्या ब्रशने गंज काढू.

४.३०

आता पोस्टमनची सीट पुन्हा पेटीतून बाहेर. तिला शेवटचं जे द्यायचं ते आज द्यायचं.

ब्रुक्सचं स्वतःचं मलम येतं. त्यात चरबी, कॉड माशाचं तेल आणि मेण असतं. ते उत्तम आहे आणि मी ते वापरलेलं आहे. पण गेली सहा-सात वर्षं मी मुठेल वापरतो. रातांब्याच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तेल येतं. गार झाल्यावर ते घट्ट होतं आणि बायका ते मुठीत दाबून त्याचे लांबट गोळे करतात. कोकणात कुणाच्याही टाचेला भेग पडली की हेच लावतात. मला ते कातड्यासाठी आवडतं याचं कारण सरळ आहे. खोबरेल २४-२५ अंशांना पातळ होतं, म्हणजे मालवणात जवळजवळ वर्षभर ते पाणीच असतं आणि कातड्यात वाट्टेल तेवढं शिरतं. मुठेल वितळायला ४० अंशांच्या आसपास लागतात. सावलीत ते जागेवर घट्ट राहतं, आणि माणूस उन्हातून सायकल चालवताना मऊ होऊन थोडं थोडं आत जातं.

तीन चमचे मुठेल, एक चमचा मधमाश्यांचं मेण. गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून वितळवायचं, आचेवर थेट नाही. आई हे टाचांसाठी करायची तेव्हा मेण घालत नसे. मेण मी घातलं, खाऱ्या वाऱ्यातला ओलावा अडवायला.

या सीटला मात्र, तिने आधीच इतकं तेल प्यायलं असल्याने, मी फक्त खालून लावतो. तर्जनीच्या टोकावर हरभऱ्याएवढं घेऊन, ठिगळाच्या कडांवर, रिव्हेटभोवती, नाकाखाली. वरच्या अंगाला निव्वळ कोरडं फडकं. घासत राहिलं की आतल्या उरल्यासुरल्या तेलावरच झळाळी येते. रंग हळूहळू वर येतो. कडेला चिंचेच्या कोळाचा, मध्ये जुन्या गुळाचा, आणि दोन्ही खळग्यांत जवळजवळ काळा.

खालच्या पदरांना मी प्रत्येकी चार भोकं पाडून ठेवली होती. आता सीटच्या पोटाखालून चामड्याची वादी एका पदरातून दुसऱ्यात ओवतो, चोळीची नाडी आवळतात तशी. यामुळे पदर पुन्हा बाहेर फाकत नाहीत. बाहेरून काही दिसत नाही.

६.००

शेवटचं काम नाकातल्या बोल्टचं, आणि लोक इथेच घाई करतात. सीट ढिली वाटली की आवळ, आणखी आवळ. बोल्ट कातड्याला नाकाकडे ढकलतो आणि सगळा ताण मागच्या रिव्हेटवर जातो. या सीटचे रिव्हेट त्यामुळेच उपटले असावेत. कुणीतरी तेलाने लोंबलेली सीट बोल्टने सरळ करू बघितली होती.

मी एका पट्टीतून कापून केलेला पान्हा बोल्टला लावतो. पाव फेरा. थांबतो, अंगठ्याने मध्ये दाबतो. कातडं खाली जातं आणि लगेच वर येतं. पुरे.

सायकल दुकानात आणून ठेवली होती. सीट पाइपवर चढवली, क्लँप आवळला, नाक किंचित वर ठेवलं. पुतण्या म्हणाला, काका, एक फेरी मारून बघा की. पेठेतून जेट्टीपर्यंत जाऊन यायला पाच मिनिटं लागली असती, आणि बसल्याशिवाय ताण बरोबर आहे की नाही ते कळत नाही हेही खरं. पण माझं वजन जास्त आहे आणि कातडं अजून आठ दिवस तरी हळवं राहील. त्याचं वजन कमी, त्यालाच बसवलं. तो गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. येताना उतारावर उभा न राहता बसूनच आला.

“कशी आहे?”

“डावीकडे ओढते.”

७.३०

शटर ओढण्याआधी वही लिहितो. बारा वर्षांची ही चौथी वही. आजच्या पानावर एवढंच आहे:

रॅले, पोस्टमनची. माती ३ लेप. शाडूच्या साच्यावर ६ दिवस. मागे तांब्याचे रिव्हेट ३, ठिगळ कोल्हापूर २ मि.मी. वादी ४ भोकं. मुठेल फक्त खालून. बोल्ट पाव फेरा. पुढचा पाव फेरा होळीनंतर, आधी नाही. ताईंनी अमावास्येला काय करावं असं विचारलं तर: कोरड्या पंचाने पुसायची, आणि नातवाला सायकलवर बसवून दारापुढे एक फेरी मारायला लावायची.